वाचून दाखविले, बरोबर आहे

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांत खुर्च्या कमी, कागद जास्त. मी जंगलखात्याच्या एका रेंज ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. ऑफिसात टाइपरायटर होता, पण त्याचा 'र' तुटलेला होता, आणि 'र' वगळून सरकारी मराठी लिहिता येत नाही. त्यामुळे महत्त्वाचं जे काही असेल ते माझ्या हातून लिहून निघायचं. वरून कोणी तपासणीला आलं की रेंजर साहेब आधी माझं अक्षर दाखवत, मग मला.

अक्षराइतकाच माज मला भाषेचा होता. आमचं गाव आरमोरीकडचं, घरी थोडं धान. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. वडील शाळेत शिपाई होते. दिवसभर गुरुजींचं ऐकून ते घरी येत आणि आमची जीभ सरळ करायला बसत. 'मले' म्हटलं की टपली, 'काऊन' म्हटलं की कान. आई मात्र त्यांच्या या शाळेत कधी बसली नाही, ती शेवटपर्यंत आपल्याच बोलीत बोलली. मी चांगला विद्यार्थी निघालो. नोकरीला लागेपर्यंत माझ्या तोंडात शुद्ध मराठी इतकी पक्की बसली होती, की लोकांचे जबाब लिहून घेताना मी त्यांचंही बोलणं धुऊन, इस्त्री करूनच कागदावर ठेवत असे. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. साहेबांना वाचायला सोपं जातं, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे ते बोलणं मला कागदावर बघवत नसे.

फेब्रुवारी सरला की आमच्याकडे आगीचे दिवस सुरू होत. पानगळ झालेली असे, सागाच्या पानांत पाय घोट्यापर्यंत रुतत आणि एखाद्या बिडीच्या थोटकानं सगळा डोंगर पेटे. खातं दर उन्हाळ्यात आसपासच्या गावांतली माणसं रोजंदारीवर आगीच्या टोळीत घेई. टोळीत पाच-सहा जण आणि वर एक नाकेदार. नाकेदार म्हणजे कागदावरचा वनरक्षक, पण त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नसे. टोळीनं दिवसभर नजर ठेवायची आणि धूर दिसला की हातातलं टाकून धावायचं. हत्यारं म्हणजे हिरव्या फांद्या आणि एक-दोन कुऱ्हाडी. फांदीनं झोडपून आग विझते, पण ती लहान आहे तोवरच. मोठी झाली की एकच इलाज उरतो. पालापाचोळा काढून साफ केलेला पट्टा जंगलात जागोजागी असे. त्या पट्ट्याच्या कडेला उभं राहून, येणाऱ्या आगीच्या दिशेनं आपण पेटवत जायचं. दोन्हीकडचे जाळ मधे भेटतात, खायला काही उरत नाही, आणि विझतात. सगळा भरवसा वाऱ्याचा.

ज्याची ही हकीकत आहे तो अशा टोळीतला जुना गडी होता. जंगलातल्या एका गोंड गावचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. घरी गोंडी बोले, आमच्याशी आमच्याकडची मराठी. धानाची एक लहानशी बांधी, वाटणीची सात-आठ मोहाची झाडं, आणि बाकी सगळं हातांवर. बांबू तोडणं, टोपल्या विणणं, तेंदूपानांचे पुडे बांधणं. माझी त्याची ओळख हजेरीपुरती. आठवड्याला तो अंगठा उठवायला येई, आणि उठवून झाला की शाईचा अंगठा डोक्याच्या केसांना पुसून निघून जाई.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्याच्या टोळीच्या हद्दीत पलीकडच्या डोंगरावरून मोठी आग उतरली. मी तिथं नव्हतो. पुढं जे कळलं ते असं. झोडपून काही होत नाही असं दिसल्यावर नाकेदारानं त्याला समोरून पेटवायला सांगितलं. ते काम टोळीत त्याच्याइतकं कोणाला जमत नसे. त्यानं वाळल्या गवताची पेंढी पेटवली आणि पट्ट्याच्या कडेनं पानं पेटवत निघाला. अर्ध्यावर वारा फिरला. बाकीचे पट्ट्यावरून मागं पळाले. तो मधेच सापडला म्हणून नाल्यात उतरला, तर काठावरचं जळतं बांबूचं बेट त्याच्यावर कलंडलं. ते त्यानं दोन्ही हातांनी लोटलं आणि पलीकडं निघाला. जीव वाचला. हात कोपरापर्यंत भाजले.

तिसऱ्या दिवशी रेंजर साहेबांनी मला त्याचा जबाब घ्यायला गडचिरोलीच्या दवाखान्यात पाठवलं. जखमी मजुराच्या जबाबाचा छापील फॉर्म आमच्या ऑफिसात नव्हता. जंगल जळालं तर काय लिहायचं याचा होता. ठिकाण, क्षेत्र, झाडांची जात, नुकसान, आगीचे कारण. माणूस जळाला तर काय लिहायचं, हा विचार छापणाऱ्यानं केला नव्हता. मी तोच फॉर्म घेऊन गेलो.

तो पलंगावर उताणा होता. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवलेले. बायको उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मी फॉर्मप्रमाणे एकेक विचारत गेलो आणि कारणाच्या रकान्यापाशी आलो. आग कशी लागली, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"आग पलीकडून आली जी. नाकेदार भाऊनं म्हटलं, झोडपून होत नाई, तू समोरून लाव. मंग मी समोरून इस्तो लावला."

मी लिहिलं, 'मी आग लावली.'

असं का लिहिलं याचं उत्तर मी पुढं बऱ्याचदा शोधलं. रकाना दोन बोटं रुंद होता, हे खरं. नाकेदारानं काय सांगितलं ते लिहायला त्यात जागा नव्हती, तेव्हा ते गाळलं. तीन वाजताची बस होती, हेही खरं. पण 'इस्तो' हा शब्द मी लिहिणारच नव्हतो, रकाना हातभर असता तरी. तो मला अडाणी वाटे. 'आग लावली' हे कसं स्वच्छ होतं, व्याकरणात बसणारं.

फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं, 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' त्याखाली सही किंवा अंगठा. मी वाचून दाखवलं नाही. कधीच दाखवत नसे, आणि दुसरा कोणी दाखवताना मी पाहिला नव्हता. ती ओळ म्हणजे अंगठा कुठं घ्यायचा याची खूण, इतकाच आम्ही तिचा अर्थ घेत होतो. आता अंगठा तर हवा होता आणि हात पट्ट्यांत. तिथला कंपाउंडर म्हणाला, पायाचा घ्या, चालतो. मी शाईचा पॅड घेऊन पलंगाच्या पायथ्याशी गेलो.

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा अस्वस्थ झाला. इतका वेळ दुखण्याबद्दलही त्यानं काही म्हटलं नव्हतं.

"लिवलेल्या कागदाले पाय कसा लावू, बाबू?"

चालतं, असं मी म्हणालो. बायकोनं उठून पदरानं त्याच्या पायाचा अंगठा पुसला. मग त्यानं डोळे मिटून पाय ढिला सोडला. मी तो शाईवर आणि मग कागदावर दाबला. ठसा इतका स्वच्छ उमटला की रेषा मोजता याव्यात. मला तीनची बस मिळाली.

तो दोन महिन्यांनी घरी गेला. बोटं सगळी जागेवर होती, पण कातडी आखडून ती वाकडी झाली होती. मूठ पुरती मिटत नव्हती आणि पुरती उघडत नव्हती. टोपली विणणं, कुऱ्हाड धरणं संपलं. जेवायला बायको घास करून देई. त्याचा साळा घुग्घुसच्या खाणीत कामाला होता. खाणीतल्या माणसांना कायदा ठाऊक असतो, कारण तिथं कोणाचं ना कोणाचं काही ना काही तुटत असतं. त्या साळ्यानं सांगितलं, की कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकानं भरपाई द्यावी असा कायदा आहे आणि सरकार मालक असलं तरी तो लागू आहे. त्यानं चंद्रपूरला वकील गाठून अर्ज लावला. भरपाई मिळाली तर एक बैलजोडी येणार होती, म्हणजे बांधी भाऊबंदांकडून करून घेता आली असती. नाही मिळाली तर बायकोनं रोजीला जायचं आणि त्यानं दारात बसायचं.

अर्जावर खात्याचं म्हणणं मागवलं गेलं. आमचे रेंजर साहेब वाईट नव्हते. कागदावर आहे तेच लिहू, आपल्या मनाचं काही नको, असं ते म्हणाले आणि फाइल उघडून बसले. कागदावर काय होतं, तर त्यानं आग लावली. महिना कोणता, तर एप्रिल. एप्रिलमध्ये मोह पडतो, आणि फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. त्याची मोहाची झाडं तिथून लांब नव्हती. मग काय उरलं? मजूर हुकूम मोडून जाणूनबुजून वागला आणि त्यामुळे जखमी झाला, तर मालक बांधील नाही, असं कायद्यात कलम होतं. नाकेदारानंही लिहून दिलं की मी फक्त झोडपायला सांगितलं होतं. त्याची नोकरी नवी होती. समोरून पेटवायला वरची परवानगी लागे, ती त्यानं घेतलेली नव्हती. आग परवानगीसाठी थांबत नाही, पण हे लिहायचं कुठं?

ते सगळं म्हणणं मीच लिहून काढलं. 'अर्जदाराने स्वतः आग लावल्याचे आपल्या जबाबात कबूल केले आहे.' लिहिताना मला काही टोचलं, असं सांगायला आवडलं असतं. टोचलं नाही. 'कबूल' मधला 'बू' फार छान आला होता, तेवढं आठवतं.

थंडीत धान कापणीला रजा घेऊन मी गावी गेलो. सकाळी अंगणात दात घासत बसलो होतो. आई सुपात काहीतरी पाखडत होती आणि आमच्या एका नातेवाइकाचा उद्धार करत होती. त्यानं दोन सख्ख्या भावांत भांडणं लावून दिली होती. "त्यानं घराले आग लावली," आई म्हणाली, आणि त्याच दमात आत वळून वहिनीला सांगितलं, "चुलीत इस्तो लाव व माय, पाणी ठेवाचं हाय."

माझा हात थांबला. मी आईला विचारलं, की चुलीत आग लाव असं म्हटलं तर चालेल का.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकवून हे काय झालं. "असं कोण म्हणते? आग का लावाची चीज हाय? आग लागते. लावाचा तो इस्तो."

हे मला नवीन असतं तर बरं झालं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाहेरच्या माणसानं ही चूक केली असती तर ती अज्ञानाची म्हणून सोडून देता आली असती. मी तर त्या चुलीवरच्या भातावर वाढलो होतो. आमच्या बोलीत इस्तो म्हणजे माणसाच्या ताब्यातला, कामाचा. चुलीतला, शेकोटीतला, बिडीचा. आग म्हणजे हाताबाहेर गेलेली. आग कोणी लावली म्हटलं, की त्यात वाईट हेतू आलाच. त्या माणसानं दोन्ही शब्द एकाच वाक्यात, आपापल्या जागी बरोबर वापरले होते. आग आली, इस्तो लावला. मी त्याची मराठी सुधारली होती. मला लाज वाटली आणि रागही आला. राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी तोंड धुऊन शेतावर गेलो.

त्यानंतर मी लगेच काही केलं असं नाही. ऑफिसात परतल्यावर एकदा रेंजर साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, म्हणणं तर गेलं, आता तुला कोणी विचारलं तर बघू. हे उत्तर मला सोयीचं वाटलं. विचारलं तर बघू, असं मीही चार महिने मनाशी म्हणत राहिलो.

उन्हाळ्यात चंद्रपूरला सुनावणी लागली. मला खात्याचा साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. काम एवढंच, की जबाबावरचं अक्षर माझं आहे हे सांगायचं. मूल गावावरून बसनं गेलो. रस्ताभर ऊन आणि ट्रकची धूळ. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकांवर घुग्घुसकडचे खाणकामगार बसले होते. त्यांच्या फाइली जाड होत्या आणि त्यांना सगळी रीत माहीत होती. एकाची दोन बोटं नव्हती. कोणत्या बोटाला किती, हे कायद्याच्या तक्त्यात छापलेलंच असतं, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मग समोरच्या बाकावर बसलेल्या आमच्या माणसाच्या हातांकडं पाहून तो हळहळला. त्याचं म्हणणं, याची तर सगळी बोटं शाबूत दिसतात, तक्त्यात बसवायची कशी?

आत भरपाईचं काम पाहणारे साहेब पश्चिम महाराष्ट्रातले होते. आमच्या उन्हानं बेजार, पण कान देऊन ऐकणारे. खात्याच्या वकिलानं मला तीन प्रश्न विचारले. हे अक्षर तुमचं का, जबाब तुम्हीच घेतला का, आणि खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' असं आहे का. तिन्हीला मी हो म्हणालो. तिन्ही उत्तरं खरी होती. अर्जदाराच्या वकिलानं कागद उलटसुलट केले आणि काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी मानेनं मला जायची खूण केली.

म्हणजे मला कोणी विचारलंच नाही.

मी पिंजऱ्याबाहेर पाऊल टाकलं. तो समोर बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे नाही, उताणे ठेवून, कारण ते पालथे होतच नसत. शेजारी बायको. मी का थांबलो याची मोठी कारणं मला देता येत नाहीत. न्याय वगैरे माझ्या मनात नव्हता. माझ्या अक्षराचा मला माज होता आणि त्या अक्षरात एक खोटं राहून गेलं होतं, ते मला सहन होईना.

"साहेब, त्या जबाबात चूक आहे," मी म्हणालो. "ती माझी आहे."

खात्याचा वकील उभा राहिला, साहेबांनी त्याला बसवलं. मग मी सांगितलं. तो काय बोलला आणि मी काय लिहिलं. नाकेदारानं सांगितल्याचं वाक्य मी गाळलं, हेही. आणि वाचून दाखवलं नव्हतं, हेही. साहेबांनी विचारलं, इस्तो म्हणजे विस्तवच ना, मग विस्तव लावला काय आणि आग लावली काय, फरक काय पडतो? मी समजावू लागलो, पण माझ्या शुद्ध मराठीत ते नीट सांगता येईना. मी अडखळलो. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि त्या माणसालाच उभं केलं. सकाळी चूल पेटवताना घरी काय म्हणता, असं त्याला विचारलं.

"इस्तो लाव म्हणतो जी."

आणि जंगल जळताना दिसलं तर?

"आग लागली म्हणतो."

साहेबांनी पुढचा प्रश्न सावकाश विचारला. मग त्या दिवशी तुम्ही आग लावली का?

तो गोंधळून एकदा वकिलाकडं, एकदा माझ्याकडं पाहू लागला. असं कोणी कोणाला विचारतं का, असा त्याचा चेहरा होता. "आग काऊन लावन जी? ती तं विझवाले गेल्तो."

साहेब टाइप करणाऱ्याला मजकूर सांगू लागले. 'मी समोरून' इथपर्यंत आल्यावर टाइप करणारा थांबला आणि पुढचा शब्द कसा लिहायचा म्हणून विचारू लागला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, इ ऱ्हस्व, स अर्धा, त ला ओकार. माझ्या शुद्धलेखनाचा आयुष्यात इतका उपयोग पुन्हा झाला नाही.

निकाल पावसाळ्यात आला. तो कामावर होता आणि सांगितलेलं काम करत होता, असं साहेबांनी मानलं. बोटं शाबूत असली तरी हात निकामी, तेव्हा भरपाई द्यावी. मला खुलासा विचारला गेला. मी त्याच अक्षरात खुलासा दिला आणि सेवापुस्तकात ताकीद लागली. नाकेदार पुष्कळ दिवस माझ्यासोबत चहाला आला नाही. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, तू तं बोलून मोकळा झाला. त्यालाही ताकीद मिळाली होती, माझ्यापेक्षा कडक. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

रक्कम चंद्रपूरच्या त्याच कचेरीतून मिळायची होती आणि ओळख पटवायला खात्याचा माणूस लागत होता. तूच जा, तुला त्याची भाषा कळते, असं रेंजर साहेब म्हणाले. तोवर आग लागल्याला दीड वर्ष झालं होतं.

तिथल्या लिपिकानं पावती पुढं केली आणि त्याचा उजवा हात धरून अंगठा उठवला. कागदावर नुसता काळा डाग पडला. पुसून पुन्हा उठवला, तरी तेच. डाव्याचंही तेच. कातडी नवी आली होती, पण तिच्यावर एकही रेषा नव्हती. लिपिक म्हणाला, हा ठसा कोणाचाही असू शकतो, मला चालणार नाही. मग त्यानं फाइल चाळली. आत माझा तो जबाब होता आणि त्याखाली पायाचा ठसा, रेषा मोजता येतील असा. पायाचाच घेऊ, तो म्हणाला, तो जुळेल. पायाचा का घेतला ते वर लिहा, ओळख तुम्ही देताय तर तुम्हीच लिहा.

मी लिहिलं. मग पॅड घेऊन त्याच्या खुर्चीपुढं खाली बसलो. त्याच्या बायकोनं वाकून पदरानं अंगठा पुसला, दवाखान्यात पुसला होता तसाच. पण त्यानं पाय मागं ओढून घेतला.

लिहिलेल्या कागदाला पाय लागतो म्हणून, असं मला वाटलं. चालतं भाऊ, मी म्हणालो.

"ते मले मालूम हाय," तो म्हणाला. "आधी वाच. त्या दिवशी तू वाचलं नाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. न वाचलेल्या कागदावर आपण पाय ठेवतो आहोत, हे त्याला दवाखान्यातल्या त्या दिवशीही कळत होतं. बाबूनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून त्यानं पाय ढिला सोडला होता. मला त्याच्याकडं वर पाहवेना. मी तसाच खाली बसून कागद टेबलावरून घेतला आणि वाचू लागलो. 'या माणसाला मी ओळखतो. त्याच्या हातांच्या अंगठ्यांना रेषा नाहीत. पलीकडून आग आली तेव्हा नाकेदाराच्या सांगण्यावरून त्याने समोरून इस्तो लावला, त्यात हात भाजले. म्हणून पायाचा अंगठा घेतला आहे.'

त्यानं मधलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"इस्तोच लिवलं?"

"इस्तोच लिहिलं."

"मंग आता बरोबर हाय," तो म्हणाला, आणि त्यानं पाय पुढं केला.